फ्लॅटची पाचवी अट

काकूंनी फडकं माझ्या हातात दिलं. ओलं, फिनाइलच्या वासाचं.

"आधी ते पुसा. पांढरी फरशी आहे, पिवळं जात नाही."

'ते' म्हणजे उंबऱ्यावरचा भंडारा. माझ्या वडिलांनी, आबांनी, नुकताच वाहिलेला. आबा तिथंच उभे होते. मी वाकलो आणि पुसला.

हे आधी सांगतो, कारण त्या दिवसातली सगळ्यात किळसवाणी गोष्ट माझ्याच हातून झाली.

शिरूरच्या जुन्या पेठेतला हा फ्लॅट. दोन बेडरूम, दुसरा मजला. जुनी इमारत पाडून नवी बांधलेली. मूळचा कोरीव सागवानी दरवाजा तेवढा फाटकाशी शोभेला ठेवलेला. जाहिरातीत 'ऐतिहासिक पेठेत' असं छापलं होतं. बायकोची शाळा तिथून चालत पाच मिनिटं. दुसरी बेडरूम आबांसाठी. आई गेल्यापासून ते भांडगावात एकटे राहतात. घर त्यासाठीच हवं होतं.

काकू घराच्या मालकीण. आदल्या आठवड्यात त्यांनी फ्लॅट आम्हाला विकायला होकार दिला होता. आमच्या धनगरांत शब्द झाला की घर झालं. मग आत पाऊल टाकण्याआधी थोरल्या माणसानं उंबऱ्यावर भंडारा वाहायचा. आबा दोन एसट्या बदलून त्यासाठी आले होते. अजून कागद व्हायचाय, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी चिमूट टाकली आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणाले. माळावर म्हणतात तसं, मोठ्यानं. समोरची दोन दारं उघडली, बंद झाली.

सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. हसतमुख माणूस.

"आजोबा, इथं मेंढरं नाहीत हो हाकायला."

आबाही हसले. "आता कुठली मेंढरं, सायेब. इकून लई वर्सं झाली. ऊस हाय आता."

त्यांना टोमणा कळला नाही, असं मला वाटलं.

आत मला खुर्ची मिळाली. आबांना कुणी बसा म्हटलं नाही. ते भिंतीला टेकून खाली बसले. सेक्रेटरींनी टाइप केलेला कागद पुढं केला. "फॉर्मॅलिटी आहे. सही करा."

मी तालुक्याच्या बातम्या लिहितो. कागद शेवटपर्यंत वाचायची सवय आहे. पहिल्या चार अटी पार्किंग, पाणी, कचरा आणि मांसाहाराच्या. पाचवी जशीच्या तशी देतो: 'गावाकडील नातेवाइकांना मुक्कामास ठेवणार नाही.'

"ही अट सगळ्यांना आहे?"

"ज्यांना लागते त्यांना. राग मानू नका. प्रश्न तुमचा नाही. पण एक आला की मागनं अख्खा तांडा येतो."

काकू म्हणाल्या, "तुम्ही तर तसे वाटतही नाही."

हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलो आहे. दर वेळी मी ते कौतुक म्हणून घेतलं. दर वेळी हसलो. त्या खुर्चीवर मला माझ्याच हसण्याची शिसारी आली.

आबा खालूनच बोलले. "कर सही. म्या न्हाई यायचा. सूनबाईला शाळा जवळ पडंल."

आवाजात राग नव्हता. पण त्यांना सगळं कळत होतं. मघाचा टोमणाही.

मी पेनला टोपण लावलं. कागदाचा फोटो काढला.

"अहो, हे काय करताय?" सेक्रेटरींनी कागद ओढून घेतला.

"सही करणार नाही. चला, आबा."

जिन्यात आबा म्हणाले, "आरं, चांगलं घर व्हतं. घालवलंस व्हय?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडं तक्रार दिली. फोटो जोडला. भंडारा मी पुसला, हेही लिहिलं. चार दिवसांनी सेक्रेटरींचा फोन.

"गैरसमज झाला. पाचवी अट काढतो. आबांना आणा, खुशाल राहू द्या. अर्ज तेवढा मागं घ्या."

घर मिळत होतं. आबांची खोलीसुद्धा.

"ही अट आजवर कुणाकुणाकडून लिहून घेतली, ते लेखी द्या," मी म्हणालो. "अर्ज मागं घेणार नाही."

त्यांनी फोन कापला.

आम्ही अजून भाड्यानं राहतो. आबा भांडगावात. सुनावणीला ते माझ्याबरोबर येणार आहेत. काय झालं ते त्यांच्या तोंडून, त्यांच्या शब्दांत नोंदवलं जाईल. त्यातला एकही शब्द मी सुधारणार नाही.