दोन तासांचं चीवर

भिक्खूचं चीवर उतरवून मी मुकुंदवाडीला आईकडे परत आलो, तेव्हा गल्लीला वाटलं, पोरगं वाया गेलं. मला मात्र पहिल्यांदाच मोकळं वाटत होतं. पॅन्ट-शर्ट घालून, सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसून मी दर रविवारी विहाराच्या हॉलमध्ये वर्ग घ्यायला लागलो. थोडा वेळ श्वासाकडे लक्ष, मग बुद्धाच्या विचारांवर चर्चा. पाया पडणं नाही, मनगटाला दोरा नाही आणि पुढच्या जन्माची हमी तर नाहीच नाही.

विहार समितीचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचं सगळं पटतं हो. फक्त रविवारचे दोन तास चीवर घालत जा. लोक जास्त ऐकतील."

"म्हणजे गॅदरिंगच्या नाटकातला भंते होऊ?" मी तडकलो. मी काय बोलतो ते पारखून घ्या, एवढंच तर मी शिकवत होतो. लोकांनी कापड बघून मान डोलवली, तर माझ्या शिकवण्याची किंमत शून्य!

पुढच्या रविवारी हॉलला कुलूप.

आई चिडली ती माझ्यावरच. मी भिक्खू असताना तिनं जमिनीला कपाळ टेकवून मला वंदन केलेलं. लग्नकार्यात बायका तिला पुढं बसवायच्या. तो मान गेला होता.

"घाल की दोन तास. कापडच तर हाय."

"नुसतं कापड असतं तर सोडलं कशाला असतं?" असं म्हणून मी घराच्या ओट्यावरच सतरंजी अंथरली.

वाळूजच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट आलेला एक कामगार आणि गल्लीतल्या चार बायका, एवढाच वर्ग. एकीनं विचारलं, मेल्यावर काय होतं?

"माहीत नाही," मी म्हणालो.

आई तरातरा बाहेर आली. "मग तुझा बाप कुठं गेला? तो वारल्यावर पुण्यानुमोदनाला भंते म्हणले, चांगल्या जन्माला गेला. तूबी तिथंच बसला व्हतास, चीवर घालून."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वडील गेल्यापासून आईकडे तेवढाच दिलासा होता. तो काढून घ्यायचा माझा धीर होत नव्हता. पण इथं गप्प बसलो, तर हेडमास्तरांचंच खरं, लोकांनी कापडाचंच ऐकायचं.

"मला माहीत नाही, आई. त्या भंतेंनाही माहीत नव्हतं."

ती उंबऱ्यातच खाली बसली. पदरानं डोळे पुसले.

"मला तरी कुठं पटलं व्हतं? तवाच इचारायचं व्हतं. पण तेबी भंते, तूबी भंते. इचारायला घरात माणूसच नव्हतं."