सहावीत जागा नव्हती

ताई, मुक्ताला तुझ्याकडे पाठवलं त्या दिवशी दोहाच्या विमानतळावर ती रडली नाही. शेजारच्या शबानाभाभी सुट्टीला चिपळूणला निघाल्या होत्या, त्यांच्यासोबत ती गेली. आत जाताना वळून म्हणाली, "आई, ओमला चपातीचा रोल करून दे. भाजी वेगळी दिलीस तर तो खात नाही." अकरा वर्षांची पोर ती. 

सुनील इथं एसीच्या कामावर कितीतरी वर्षं एकटा होता. फॅमिली व्हिसा झाला तेव्हा मी आणि दोन्ही पोरं, असे आम्ही तिघं कराडहून निघालो. आपली आई म्हणाली होती, "काहीही करा, पण पोरांची ताटातूट करू नका." मला त्या वेळी हसू आलं होतं. एकत्र राहायलाच तर चाललो होतो.

मला दोहातल्याच मुशैरिब भागात अकाउंट्सची नोकरी लागली. अल गराफात घर मिळालं, आणि जवळच्या भारतीय शाळेत ओमला केजीत प्रवेशही मिळाला. मुक्ताला मिळाला नाही. सहावी भरली होती. दुसरीकडेही तेच उत्तर. जिथं जागा होत्या, तिथली फी आम्हा दोघांच्या पगारात बसणारी नव्हती. पण शाळेच्या नियमात लिहिलं होतं, भावंड शाळेत असेल तर प्राधान्य. म्हणून आम्ही शाळेकडेच अपील केलं.

उत्तर येईना, तेव्हा मी खासगी शाळांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी ऑफिसात गेले. काउंटरवरच्या मॅडम मृदू बोलायच्या. त्यांनी इंग्रजीत समजावलं, "आधी शाळेचा निकाल येऊ दे. त्याआधी आम्हाला तक्रार घेता येत नाही." मी परत आले. निकाल आला, तो नकाराचा. मी पुन्हा गेले आणि मुक्ताची मार्कलिस्ट पुढे सरकवली. त्यांनी ती बघितली आणि हळूच माझ्याकडे परत केली.

"मुलगी हुशार आहे. पण निर्णय बरोबर की चूक, हे मी ठरवू शकत नाही. जागा तर देऊच शकत नाही. त्यांनी पद्धत पाळली का, एवढंच मला बघता येतं."

"मग मी इथं कशाला आले?" मी विचारलं.

"अपील कोणी ऐकलं ते सांगा," त्या म्हणाल्या.

आणि तिथं चूक सापडली. पहिल्यांदा ज्या बाईंनी नाही म्हटलं होतं, त्याच अपील ऐकायलाही बसल्या होत्या. मॅडमनी शाळेला अपील नव्यानं ऐकायला लावलं. ताई, त्या दिवशी मी पळतच घरी आले आणि मुक्ताला सांगितलं, "आता काम झालंच." मॅडमनी तसं कुठंच म्हटलं नव्हतं. ते माझं मीच बोलले. मुक्तानं लगेच ओमच्या युनिफॉर्मशेजारी स्वतःसाठी हँगर रिकामा करून ठेवला.

अपील ऐकायला बसलेल्या नव्या लोकांनी आमचं सगळं शांतपणे ऐकलं. वर्गात आणखी मूल बसवायची परवानगी नाही, असं कारण लिहून दिलं. पुन्हा नकार. मी फोन केला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "या वेळी सगळं नियमाप्रमाणे झालंय. आता माझ्या हातात काही नाही." खलास.

एप्रिलपासून ओम रोज बसनं शाळेत जात होता आणि मुक्ता खिडकीत उभी राहून त्याला टाटा करत होती. जूनमध्ये तिकडच्या शाळा उघडायच्या आत निर्णय घ्यायला हवा होता. मी नोकरी सोडून दोघांना घेऊन परत येऊ शकले असते. सुनील तसं म्हणालाही होता. मी म्हटलं, एकच वर्ष तर आहे. गावात बायका काय बोलल्या ते तू मला कधी सांगितलं नाहीस, पण मला कळलं. मुलगा ठेवला, पोरगी पाठवली. जागा केजीत होती, सहावीत नव्हती, हे मी कुणाकुणाला सांगू? आणि जागा उलट असत्या तर मी ओमला पाठवलं असतं का, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

एकाची दोन वर्षं झाली. आता फोनवर ओम म्हणतो, "हाय दीदी, हाऊ आर यू?" आणि मुक्ता त्याला विचारते, "जेवलास का रं?" तो तिचं सगळं समजतो, उत्तर मात्र इंग्रजीत देतो.

गेल्या महिन्यात शाळेतून फोन आला, आठवीत एक जागा झालीय. मी ऑफिसातूनच मुक्ताला फोन लावला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिथं आल्यावर पुन्हा नाही म्हणाले तर?"

"नाही म्हणणार. जागा आहे, बाळा."

"मागं पण तू असंच म्हणाली होतीस." तिचा आवाज चढला नव्हता. "माझी इथं शाळा आहे, आई. मावशी आहे. तू रागावू नकोस."

मी रागावले नाही. शाळेला नकार कळवला. संध्याकाळी सुनीलला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "चला, आता तिनं ठरवलं." मला तेवढंही समाधान घेता आलं नाही.

ताई, अल गराफातल्या घराला मी घर म्हणते, कारण ओम तिथं आहे. तुझ्याकडच्या घरात माझी मुलगी राहते, आणि तिथं मी पाहुणी आहे. जुलैमध्ये आम्ही येतोय. मुक्ता झोपते त्या खोलीत माझं अंथरूण घालशील का? तिला आधी विचार. ती नको म्हणाली तर बाहेर सोप्यात घाल, मी काही म्हणणार नाही.