डोळे मिटलेला फोटो

पाचोऱ्याहून जळगावला निघालो तेव्हा एसटीत माझ्या शेजारी एक अक्का बसल्या होत्या. त्यांच्या घरच्या ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, विकायला सुनेनं वेबसाइट बनवून घेतली होती आणि तिच्यावर अक्कांचा फोटो नेमका डोळे मिटलेला आला होता.

"वेबसाइटवाल्यानं फोटो बदलला म्हने. पन मी रोज देखस, झोपेलच शे!" पदर खोचून त्या वेबसाइट बनवणाऱ्याशी भांडायला निघाल्या होत्या.

मी माझ्या मोबाईलवर तेच पान उघडलं. अक्कांचे डोळे टक्क उघडे!

त्यांनी दोन्ही मोबाईल शेजारीशेजारी धरले. "तुन्हा मोबाईलमा जागी, मन्हा मोबाईलमा झोपेल! असं कसं रे भाऊ?"

"अक्का, खरं पान लांबच्या एका कॉम्प्युटरवर असतं. तिथं फोटो बदललाय. तुमच्या मोबाईलनं मात्र जुनी प्रत जपून ठेवलीय आणि तीच दाखवतोय."

मी ती प्रत पुसून पान पुन्हा मागवलं. अक्का जाग्या झाल्या. मग मागच्या सीटपर्यंत सगळ्यांना त्यांनी तो फोटो दाखवला.

स्टँडवर उतरल्यावर मात्र त्या तडक त्या वेबसाइटवाल्याच्या दुकानाकडे वळल्या.

"आता कशाला भांडता, अक्का?"

"सकायपासून बठ्ठं भांडन पाठ करेल शे," त्या म्हणाल्या. "वाया कसाले घालू?"