पुलावरची डेग

मोहरमच्या दहाव्या दिवशी आमच्या गावात चलूब खाटकाच्या दारात कीमा शिजतो. मांस आणि चणे एका डेगेत, आणि दोन माणसं समोरासमोर उभी राहून लाकडी मुसळांनी ते घोटतात. ज्या जोडीनं मुसळ धरलं तिनंच शेवटपर्यंत घोटायचं. मधे हात बदलला तर नवस वाया गेला. चलूब शिया. समोरचं मुसळ कालव्यापलीकडच्या मिझहर बागवानाचं, तो सुन्नी. त्यांच्या बापांचीही हीच जोडी.

त्या वर्षी घोटणं ऐन रंगात आलं आणि शियांच्या पक्षाची गाडी येऊन उभी राहिली. पक्षाला पैसा पूर्वेच्या शेजारी देशाचा, कालव्यापलीकडच्या सुन्नी मशिदीला दक्षिणेच्या देशातल्या राजाचा. गावातलं गटार मात्र कुणाच्याच पैशानं झालं नव्हतं.

गाडीतनं कर्रार उतरला. चलूबच्याच भावकीतलं पोरगं, खांद्याला बंदूक. परक्या मुलखातल्या पुढाऱ्याचं खाटेएवढं चित्र त्यानं डेगेवर टांगायला काढलं. निवडणूक तोंडावर आलीय, आपलं कोण ते दिसलं पाहिजे, म्हणाला. आणि मिझहरचा हात डेगेत नको.

"काका, रस्ता आमचा हाय. हितं आमचंच चालायचं."

चलूबचं मुसळ थांबलं नाही. "रस्ता तुजाच, लेका. गुंडाळून घरी ने. डेग माजी हाय."

मग त्यानं मिझहरला खुणावलं. डेगेच्या कड्यांतनं खजुराचा वासा घातला, दोघा म्हाताऱ्यांनी खांदा दिला आणि वाफाळती डेग निघाली कालव्यावरच्या पुलाकडं. तोंडात शिव्या होत्या. मागं भांडी घेतलेल्या बाया, पोरं, सगळा गाव. कर्रार बंदूक सावरत उभाच. भावकीवर झाडायची कशी?

पुलाच्या मध्यावर मिझहरचा भाचा आडवा आला. मशिदीत नमाज पढवणारा, मागं त्याची माणसं. हे अन्न आपल्याला हराम आहे, तुम्ही शिवलात तर मामा म्हणून हाक मारणार नाही, असं त्यानं बजावलं.

"नगं मारूस," मिझहर म्हणाला. "पर बाजूला सरक. सांडलं तर झगा भाजंल तुजा."

भाचा हलला नाही. मग डेग तिथंच टेकली, पुलाच्या मधोमध, ना ह्या काठाला ना त्या. विटा लावल्या, झावळ्या पेटवल्या, मुसळं परत चालू झाली. हात बदलायचा नाही, एवढीच रीत होती. जागेबद्दल कुणी काही बोललेलं नव्हतं.

कर्रारची गाडी मागनं आली. पलीकडं मिरवणूक न्यायची होती, म्हणून भोंगा वाजवत राहिली.

चलूबनं वर बघितलं. "भांडं आणलंस का? मग रांगेत हुबा ऱ्हा."

गोळी त्या हिवाळ्यात आली. डेग अंगणात पालथी होती, बुडाला आरपार भोक पडलं. गोळी कुठल्या काठावरनं आली, चलूबनं विचारलं नाही. तांबटाकडनं ठिगळ मारून घेतलं आणि मोहरम आल्यावर डेग सरळ पुलावर नेली. मिझहर आधीच विटा मांडून बसला होता.

"उशीर केलास," म्हणाला.