लाईट गेली की चालणारा गुडघा

पहिल्याच दिवशी मी आईच्या गुडघ्याला चुंबकीय थेरपीच्या मशीनचा विजेवर चालणारा पट्टा बांधला, माहितीपत्रक मोठ्याने वाचून दाखवलं आणि अर्ध्या तासाने ऐटीत विचारलं, "कसं वाटतंय?"

"मुंग्या आल्या. हलकं वाटतंय रे."

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "अहो, सकाळपासून लाईट नाहीये."

शुक्रवार होता. बदलापुरात, निदान आमच्या हेंद्रेपाड्यात, दुरुस्तीसाठी लाईट जायचा वार... मीच विसरलो होतो.

तसा मी असल्या गोष्टी मानत नाही. मनाचे खेळ, म्हटलं. पण शनिवारपासून लाईट असताना रोज पट्टा बांधला — ढिम्म फरक नाही. आई पलंगापासून मोरीपर्यंत, तीही भिंत धरून. पुढच्या शुक्रवारी लाईट गेली, पट्टा बांधला, आणि थोड्या वेळाने आईसाहेब ओट्यापाशी उभ्या राहून चहा टाकतायत!

मग माझं संशोधन सुरू. एकदा गुपचूप मेन स्विच पाडला. पंखा बंद, फ्रिज बंद.

"आई, लाईट गेली बघ."

"गेली असेल. गुडघा नाही म्हणतोय."

म्हणजे लाईट खरीच जायला हवी. उल्हासनगरच्या ज्या दुकानातून मशीन आणलं तिथे विचारलं, तर शेठ म्हणाला, "साईं, मशीन बढ़िया है. आपके लाइट में प्रॉब्लेम होगा." डॉक्टर म्हणाले, झीज आहे, कमी-जास्त होतंच. सगळ्यांकडे उत्तर होतं, माझ्या प्रश्नाचं सोडून.

आणि आईला हवं होतं एकच — मोरिवलीला अंथरुणाला खिळलेल्या धाकट्या बहिणीला, सुमन मावशीला, भेटायचं. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही.

शेवटी एका शुक्रवारी आई सगळे जिने उतरली. कठडा न धरता. रिक्षाने मोरिवली गाठली.

"म्हातारी झालीस गं," मावशी म्हणाली.

"आणि तू काय बाशिंग बांधून पडलीयेस?"

दोघी दिवसभर हसत होत्या. संध्याकाळी निघताना आई उठायला गेली आणि तशीच खाली बसली. गुडघा आखडला. तेवढ्यात बायकोचा फोन, "लाईट आली हो आत्ता. निघालात का?"

मावशीच्या डोक्यावर तर दिवसभर पंखा फिरत होता...

आई तिथेच राहिली. त्यानंतर शुक्रवारी लाईट जातच नाही. एरवी नको तेव्हा जाते, तीही पाचच मिनिटं. असं का, ते मला आजही सांगता येत नाही. परवा पट्टा उलटसुलट करून बघत मी वैतागून म्हटलं, "आता आईला तीन मजले चढवून आणायचं तरी कसं?"

बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना यायचंय का, ते विचारलंत का आधी?"