वच्छलाबाईंची सून

वच्छलाबाईंच्या सुनेवर मी दोन महिने जळत होते, आणि एका मंगळवारी तिला फोनवर झापायलाही निघाले होते.

मी सोलापुरात कॅन्सरच्या डे-केअरमध्ये नर्स आहे. औषध सुरू करताना आम्हाला कागदावर लिहावं लागतं, घरी कोण बघतं? वच्छलाबाई मूळच्या करमाळ्याकडच्या. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात वीस वर्षं तपासणीवर. टॉवेल उजेडात धरायचा, सुटलेला धागा दिसला की खडूनं खूण करायची. त्यांनी तडक सांगितलं, "सून हाय की, पायल. तिचाच नंबर घ्या, माज्याकडं फोन न्हाय."

मी नेहमीचं सगळं सांगितलं. या औषधानं तोंड येतं. मऊ ब्रश वापरा. मिश्री बंद, कडक भाकरी बंद, शेंगाचटणी बंद; भाकरी दुधात कुस्करून खा. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरा. आणि रोज सकाळी घरच्या कुणाला तरी बॅटरी लावून तोंडात बघायला सांगा. लाल चट्टा दिसला की त्याच दिवशी कळवा. तोंड चिघळलं तर पुढचा डोस लांबतो, आणि तुमचा लांबून चालणार नाही.

पंधरा दिवसांनी त्या आल्या. "पायलनं मिश्रीची डबीच फेकली. चुळा भरल्याबिगर जेवाय देत न्हाय." त्याच्या पुढच्या वेळी, "पायल भाकरी दुधात कुस्करून देती. रोज बॅटरी लावती." मला हेवा वाटायचा. माझ्या घरी माझं डोकं दुखलं तरी चहा मलाच करावा लागतो. मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट पायल करत होती, त्यापलीकडची एकही नाही. हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

पाचव्या डोसला त्या तोंडावर पदर धरूनच आल्या. जिभेखाली आणि डाव्या गालाला आतून पांढरे व्रण, चार-पाच दिवसांचे. पाणी गिळवत नव्हतं. डॉक्टरांनी डोस पुढं ढकलला. माझं डोकंच फिरलं. "ती तुमची पायल डोळे मिटून बघते का?" म्हणत मी कागदावरचा नंबर लावला.

वच्छलाबाईंच्या मांडीवरची पिशवी वाजायला लागली.

त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली. फोन वाजतच राहिला. शेवटी मीच बंद केला.

"एकटीला हे औषध देत न्हाईत, आसं वाटलं," त्या कशाबशा म्हणाल्या. "मूलबाळ न्हाय मला. आरशात बघायची मी. पर आतलं दिसत न्हाय, बाई."

मला माझीच लाज वाटली.

डॉक्टरांनी व्रणांवर लावायला बधिर करणारं औषध दिलं. मी दातांच्या दवाखान्यात असतो तसला छोटा आरसा आणून दिला आणि म्हणाले, "मावशी, टॉवेल तपासता तसं तोंड तपासायचं आणि रोज दहाला मला फोन करायचा." त्या करू लागल्या. "उजवा गाल साफ. जिभंखाली गव्हाएवढा डाग, कालच्यापरीस ल्हान." कारखान्यातही त्या अशाच बोलत असणार. दहा दिवसांनी डोस मिळाला, नंतरचेही सगळे वेळेवर मिळाले.

औषध संपून आता सात महिने झाले. फोन अजून दहाला येतो.

"तोंड साफ हाय," त्या सांगतात.

"जिभेखाली?"

"साफ."

"डावा गाल?"

"त्यो बी साफ."

मग विचारण्यासारखं काही उरत नाही, आणि त्या फोन ठेवत नाहीत. म्हणून मी पुन्हा उजव्या गालापासून सुरू करते.