अनुभव : पाण्याची रांग

माझा पहिला बायोडाटा अर्ध्या पानातच संपला. नाव, जन्मतारीख, बी.ए. सेकंड क्लास, मराठी टायपिंग. पुढं 'अनुभव' असं लिहिलं आणि पेन थांबलं. कसला डोंबलाचा अनुभव? औशात वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या किराणा दुकानामागं आमचं घर. घरातून कॉलेज आणि कॉलेजातून घर, एवढंच माझं जग.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. रोज कुठं तरी नवं ऑफिस, नवी पाटी. पाण्याच्या मोटारी विकणाऱ्या एका एजन्सीला काउंटरवर माणूस हवं होतं. ती नोकरी मला हवीच होती, कारण अप्पांनी एकच संधी दिली होती. "हे न्हाई जमलं तर गुमान निलंग्याच्या स्थळाला हो म्हणायचं," म्हणाले. निलंग्याचं स्थळ मी पाहिलं होतं. शिवा शिवा!

"लिही की, दुष्काळात पाण्याची रांग सांभाळली," आव्वा, म्हणजे आई, भाकरी थापता थापता म्हणाली.

अप्पा एवढे हसले की बशीतला चहा सांडला. पण खोटं काय होतं त्यात? दुष्काळात गल्लीत टँकर यायचा तेव्हा मी शाळकरी पोर. बायका घागरी ओळीनं ठेवून सावलीला जायच्या आणि मी राखण करायची. कुणी घागर पुढं सरकवली की उचलून पार शेवटी! एकदा आव्वानंच सरकवली. तिचीही शेवटी ठेवली. टँकर तिच्या आधीच संपला आणि घरी माझ्या पाठीत धपाटा बसला. धपाट्याचं सोडून बाकी सगळं लिहून टाकलं. होऊन होऊन काय होणार होतं?

मुलाखतीला ही गर्दी! दारात सगळे एकमेकांच्या अंगावर चढत होते. माझं डोकंच फिरलं.

"जत्रा हाय का काय? चपला काढा, आलात तशा ओळीनं लावा अन् लिंबाखाली बसा. ज्याची चप्पल पुढं त्याचा नंबर पुढं!"

अन् काय सांगू, बसले की सगळे! तेवढ्यात एक चकचकीत बूटवाला उगवला आणि त्यानं बूट थेट पहिल्या जागी ठेवले. मी ते उचलून शेवटी नेऊन ठेवले.

तो लालबुंद झाला. "मालक माझे मामा हायत!"

"असू द्या की. मामांना सांगा, बूट मागं हायत."

मान वळवली तर दारात मालक उभे. त्यांनी सगळं पाहिलं होतं. गेली नोकरी, आलं निलंगा.

माझा नंबर आला तेव्हा त्यांनी बायोडाट्यातल्या 'अनुभव'वर बोट ठेवलं. "घरचं माणूस रांगेत मधी घुसलं तर काय करायचीस?"

"आव्वाची घागर बी शेवटी ठेवली होती, साहेब."

ते खो खो हसले. "उद्यापासून ये. मोटारीला गिऱ्हाइकं नंबर लावून बसलेत, अन् माझे पाहुणे रोज पुढं घुसायलेत. मला काय त्यांना न्हाई म्हणणं जमंना."

घरी आले ती नाचतच. अप्पांनी दुकानातला गूळ सगळ्या गल्लीत वाटला. आव्वानं माझ्या तोंडात खडा कोंबला आणि विचारलं, "आता तरी माझी घागर पुढं घेशील का?"

"न्हाई," मी म्हणाले, आणि गूळ तोंडात असतानाच पाठीत दुसरा धपाटा खाल्ला.